काचेचा कोपरा

किल्ली गाडीत, भाचा गाडीत आणि आम्ही चौघं बाहेर. मे महिना, दुपारी पावणेदोनची वेळ, कऱ्हाडच्या अलीकडे महामार्गालगतची एक रसवंती.

कोल्हापूरहून पुण्याला परत निघालो होतो. भाचा दोन वर्षांचा. झोपमोड झाल्यामुळे मधल्या सीटवर किरकिर करत होता, म्हणून गाडी बंद करून किल्ली मीच त्याच्या हातात दिली. किल्लीवरची बटणं दाबायला त्याला फार आवडतं. ताई दुधाची बाटली विसळायला उतरली, आई पाय मोकळे करायला, बाबा रसाचं सांगायला. मी माझं दार लावलं आणि गाडीला वळसा घालून त्याच्या दारापाशी पोचले, तेवढ्यात सगळ्या दारांचा मिळून एकच आवाज झाला. खट्.

सुरुवातीला कुणी घाबरलंच नाही, हे मला अजून छळतं. तो आतून हसत होता, म्हणून आम्हीही हसलो. "दाब राजा, परत दाब," ताई काचेवर टकटक करत सांगत होती. त्याने एकदोनदा काहीतरी दाबलं, मग कंटाळून किल्ली टाकून दिली. ती सीटखाली गेली. दुसरी किल्ली पुण्यात, बाबांच्या कपाटात.

रसवंतीवाल्याने लोखंडी तार आणून दिली. बाबांनी ती दाराच्या रबरातून आत सारायचा प्रयत्न केला. रस्त्यात अडकलेल्या गाड्यांना मदत देणाऱ्या एका क्रमांकावर मी फोन लावला. माणूस पोचायला पाऊण तास लागेल, असं उत्तर आलं. ताई म्हणाली, "काच फोडूया." बाबा म्हणाले, "थांब गं जरा. कऱ्हाडातनं किल्लीवाला येईल की दहा मिनिटांत. काच कशाला फोडायची?"

बाबांवर याचा ठपका मला ठेवायचा नाही. ही स्कॉर्पिओ त्यांनी २०११ साली निवृत्तीच्या पैशांतून घेतली. तेव्हा घरात आजी होती, ताईचं लग्न व्हायचं होतं आणि सगळे एका गाडीत मावायला हवेत एवढाच त्यांचा हट्ट होता. इतकी वर्षं रोज सकाळी ते ओल्या वर्तमानपत्राने तिच्या काचा पुसत आलेत, त्यावर कोरडं वर्तमानपत्र फिरवत आलेत. त्या काचेवर आपण होऊन दगड मारायचा हे त्यांच्या हाताला सुचणारच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात खर्चाचा विचार येऊन गेला. मी गप्प राहिले. ताईखेरीज आम्ही सगळेच त्या काचेची काळजी करत होतो.

मग तो रडायला लागला. रडणं आम्हाला ऐकू येत होतं, पण काचेमुळे लांबून आल्यासारखं. त्याचे केस कपाळाला चिकटले होते, गाल लाल झाले होते. ताई काचेला तळहात लावून त्याच्याशी बोलत होती. काच इतकी तापलेली होती, की तिला हात सारखा बदलावा लागत होता. आणि मग त्याचं रडणं हळूहळू बारीक होत थांबलं. दमून त्याने सीटला डोकं टेकलं.

ती शांतता ऐकून बाबांनीच दगड उचलला.

चांगला नारळाएवढा दगड होता. पुढच्या दाराच्या काचेवर, बरोबर मधोमध, त्यांनी सगळी ताकद लावून मारला. दगड उडून परत आला. दुसऱ्यांदा मारला, तेव्हा काच नुसती थरथरली. तिसऱ्या वेळी त्यांच्या बोटांतून रक्त आलं, काचेला ओरखडाही नाही. सत्तरीच्या माणसाला मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

पलीकडच्या पंक्चरच्या टपरीतून एक माणूस धावत आला. हातात छोटी हातोडी आणि टोकदार छन्नी. त्याने आधी एकच गोष्ट विचारली: "पोरगं कुठल्या अंगाला हाय?" ताईने दाखवलं. "मग पल्याडची फोडूया. सरका मागं." तो वळसा घालून क्लीनर साइडच्या पुढच्या दारापाशी गेला, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, रबरापासून दोन बोटं वर छन्नी टेकवली आणि वर एक ठोका दिला. एकच. फार जोरातही नाही. क्षणभर सगळी काच पांढरी झाली आणि सूप उपडं केल्यासारखी खाली बसली. त्याने हाताला पोतं गुंडाळून आतून दार उघडलं, सीटवरून मागे वाकला आणि भाच्याला काढून ताईच्या हातात दिलं.

रसवंतीच्या सावलीत आम्ही त्याचे कपडे काढले, ओल्या पंचाने अंग पुसलं. थोड्या वेळाने तो रडला, आणि ते रडणं ऐकून आई मटकन खाली बसली. कऱ्हाडातल्या एका डॉक्टरांनी तपासलं. ठीक होता. थोडं थोडं पाणी पाजत राहा म्हणाले.

रात्री मी फोनमधल्या वेळा पाहिल्या. मदतीसाठीचा पहिला फोन आणि भाचा बाहेर आल्यावर भाऊजींना केलेला फोन, यांत अकरा मिनिटांचं अंतर होतं. फक्त अकरा. मला तो अर्धा तास वाटला होता.

उन्हात बंद गाडी किती तापते हे त्यानंतर मी नीट वाचून काढलं. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी चढतं. खिडकीला बोटभर फट ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ऊन काचेतून आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापवतं, आणि ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. म्हणजे किल्लीवाल्याची वाट बघणं हा पर्यायच नव्हता. मूल आत अडकलं आणि दार लगेच उघडत नसेल, तर काच फोडायची. एकाने फोडायची, दुसऱ्याने फोन करायचा, दोन्ही एकाच वेळी. हे मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे, आणि मुख्यतः त्यासाठीच हे लिहिते आहे.

दुसरी गोष्ट त्या कोपऱ्याची. तीन वेळा दगड मारून न फुटलेली काच छन्नीच्या एका ठोक्याने कशी बसली?

माझ्या आजीकडे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. ओगलेवाडी कऱ्हाडजवळच, म्हणजे आम्ही अडकलो होतो तिथून काही फार लांब नाही. कंदिलाची काच आजी चुलीतल्या राखेने पुसायची आणि आम्हा पोरांना बजावायची, की कंदील पेटता असताना पाण्याचा हात लावायचा नाही. एकदा माझ्या ओल्या बोटांचा थेंब पडला, आणि टक्क करून वरपासून खालपर्यंत तडा गेला. तापलेली काच एका जागी अचानक गार झाली की तिथे आकसते, बाकीची तशीच फुगलेली राहते, आणि त्या ओढाताणीत तडकते.

गाडीच्या दाराची काच याच ओढाताणीतून बनवतात, पण मोजून मापून. कापलेली, वळण दिलेली काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी एकदम गार हवेचे झोत सोडतात. बाहेरची कातडी आधी घट्ट होते. आतला गाभा मागाहून गार होतो, आकसायला बघतो आणि बाहेरच्या कातडीला आत ओढून धरतो. त्यामुळे अशा काचेचा पृष्ठभाग कायम दाबलेला असतो आणि गाभा कायम ताणलेला. दगड मधोमध बसला की काच थोडी लवते, मार सगळ्या अंगावर पसरतो, आणि दाबलेली कातडी तडा उघडू देत नाही. पण टोकदार पोलाद कडेजवळ, जिथे काचेला लवायला जागा नाही तिथे, ती कातडी भेदून गाभ्यापर्यंत गेलं, की आत कोंडलेला सगळा ताण एकाच क्षणी सुटतो. मग एक तडा न जाता हजार तडे जातात. आजीच्या कंदिलाला जी गोष्ट फोडते, तीच गाडीच्या काचेला बळ देते, आणि त्याच बळामुळे ती फुटल्यावर सुऱ्यासारखे तुकडे न होता दाणे होतात.

हे समोरच्या काचेला लागू नाही. तिच्यात दोन काचांच्या मधे पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असतो. ती तडकते पण जागची हलत नाही, त्यामुळे ती फोडण्यात वेळ घालवू नये. काही महागड्या नव्या गाड्यांत दारांनाही तशाच काचा येतात. कुठली काच कशी आहे हे तिच्या कोपऱ्यातल्या बारीक छापावर लिहिलेलं असतं. आपापल्या गाडीचा तो छाप आज संध्याकाळी जाऊन वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो. गाडी घेतली तेव्हा बाबांनी सगळ्या काचांना काळी फिल्म लावून घेतली होती. २०१२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या फिल्मला बंदी घातली, आणि बाबांनी दोन रविवार खर्च करून ब्लेडने ती खरवडून काढली. तेव्हा ते खूप चिडले होते. ती फिल्म असती, तर त्या दुपारी भाच्याचं डोकं सीटला टेकलेलं आम्हाला दिसलं नसतं.

पंक्चरवाल्याने पैसे घेतले नाहीत. "पोराचं कसलं पैसं?" एवढंच म्हणाला. उलट त्यानेच जाड प्लॅस्टिकचा कागद काढला, दाराच्या चौकटीवर बाहेरून ताणून बसवला, चिकटपट्टी लावली आणि बाबांना सांगितलं, "एसी लावू नका. झरोक्यात काचा असत्यात, डोळ्यात उडत्यात." पुण्यापर्यंतचे एकशे साठेक किलोमीटर तो कागद फडफडत राहिला. कुणी काही बोललं तरी ऐकू गेलं नसतं, आणि कुणी बोललंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा गाडी साफ करायला बसलो. डाळिंबाच्या दाण्याएवढे तुकडे, शेकडो. एक दाणा मी नखावर घेऊन पाहिला. वरची-खालची बाजू गुळगुळीत, बाकीच्या बाजू खडबडीत, आणि कडेने पाहिलं तर काचेच्या आत फिकट हिरवा रंग, शेवाळलेल्या विहिरीच्या पाण्यासारखा. तो तिच्यातल्या लोहाच्या अंशामुळे दिसतो. सीटच्या शिवणीत, बेल्टच्या खाचेत, गियरच्या खाली, चटईच्या केसांत, जिथे हात घालू तिथे दाणे. फार कापत नाहीत, पण टोचतात. बाबांच्या बोटांना पट्ट्या होत्या, तरी चिमटीत धरून ते एकेक दाणा वाटीत टाकत होते. व्हॅक्यूम लावूया म्हटलं तर म्हणाले, "लाव नंतर. आधी हाताने निघतंय तेवढं काढू दे."

काच बसवायला आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे सांगितलं, की काच मागवावी लागेल, आठवडा लागेल, आणि काच वरखाली करणारं मशीनही बदलावं लागेल. मशीन बदलायचं कारण विचारलं तर नीट उत्तर आलं नाही. विम्याचा विचार केला, पण हिशेब जमेना. विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत हे खरं, पण दीड लिटरच्या वरच्या इंजिनाच्या गाडीला दर दाव्यामागे पहिले २,००० रुपये आपल्याच खिशातून जातात, वर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. मग नाना पेठ गाठली. पुण्यात गाडीचा सुटा भाग हवा असला की माणूस शेवटी नाना पेठेतच येतो. तिसऱ्या दुकानात काच मिळाली, कागदात गुंडाळलेली. दुकानदाराने शेजारच्या बोळातल्या फिटरचा पत्ता दिला. साठी उलटलेले गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत होते.

चाचांचं काम बघण्यासारखं होतं. आतलं हँडल आणि हात टेकायची जागा, त्यांच्यामागे लपलेले स्क्रू आधी काढले. मग पॅडच्या फटीत पातळ पट्टी सारून एकेक लॉक सोडवलं. टक, टक, टक, दाराचं पॅड हातात. त्यामागे काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा असतो, पावसाचं पाणी आत केबिनमध्ये येऊ नये म्हणून. तो त्यांनी न फाडता अर्धाच सोलला आणि चिकटपट्टीने वर टांगून ठेवला. बाबांनी विचारलं, सगळा का नाही काढला? "एकदा पूर्ण निघाला की परत तसा बसत नाही साहेब. मग पावसाळ्यात तुम्हीच येणार, पायाखाली पाणी येतं म्हणून."

दार हलवलं तर आत सुपात तांदूळ घोळल्यासारखा आवाज. दाराच्या पोटात काचेचा ढीग होता. चाचांनी तो हाताने आणि व्हॅक्यूमने काढला, मग दाराच्या तळाला असलेली पाणी निघायची भोकं तारेने मोकळी केली. ती बुजली तर पाणी साठून दार आतून गंजतं. त्यानंतर चौकटीतलं रबर पूर्ण ओढून बाहेर काढलं, त्याची खाच ब्रशने झाडली, बोट फिरवून बघितली, परत झाडली. "यात एक कण राहिला," ते म्हणाले, "तर नव्या काचेवर उभी रेघ पडणार. रोज वरखाली, रोज खोल." मशीन त्यांनी स्विच देऊन चालवून पाहिलं. अगदी ठीक होतं. बदलायची काही गरज नव्हती.

मग काच. तिरकी धरून, पुढची बाजू आधी खाली सोडत त्यांनी ती दाराच्या फटीत उतरवली, रबराच्या खाचेत बसवली, खालून दोन बोल्ट हातानेच अर्धे आवळले. काच वर घेतली. मागच्या बाजूला केसभर फट. खाली घेतली, किंचित हलवली, परत वर. चौथ्या वेळी चारही कडा रबरात एकसारख्या बुडाल्या, तेव्हा कुठे बोल्ट पूर्ण आवळले. एवढा वेळ बाबा शेजारी वाकून टॉर्च धरून उभे होते. त्यांची पाठ दुखते हे मला माहीत होतं, पण टॉर्च मागायची माझी छाती झाली नाही. काच आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत काम झालं.

परत येताना बाबा त्याच सीटवर बसले. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी काच खाली केली, वर केली, परत खाली केली. आणि समोर बघतच म्हणाले, "तीन हजार."

मी काही बोलले नाही.

"तीन हजारांसाठी मी त्याला थांबायला लावलं."

मी त्यांना सांगितलं, की किल्ली मीच त्याच्या हातात दिली होती. ते मानेनेच नाही म्हणाले. तो विषय नंतर घरात निघालेला नाही. पण दुसरी किल्ली आता प्रवासात त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असते, सेफ्टी पिनने टाचलेली. आणि पुढच्या सीटच्या बाजूला एक छोटी टोकदार हातोडी त्यांनी लावून घेतली आहे, तशीच दुसरी आईच्या पर्समध्ये. गाडीतली हातोडी बाहेर उभ्या माणसाच्या काय कामाची, हे त्यांच्याच लक्षात आलं.

या मे महिन्यात पुन्हा कोल्हापूरला गेलो. येताना बाबांनी हापूसची पेटी बरोबर घेतली आणि कऱ्हाडच्या अलीकडे मला गाडी थांबवायला सांगितली. पंक्चरवाला ट्रकच्या टायरपाशी बसला होता. त्याने आधी गाडी ओळखली, मग आम्हाला. पेटी घ्यायला तयार होईना, तेव्हा बाबांनी ती नुसती टपरीच्या फळीवर ठेवली. तिथेच एक आंबा कापला गेला, भाच्याच्या दोन्ही हातांना रस.

पंक्चरवाला हात पुसत पल्याडच्या दाराकडे गेला. बाकी सगळ्या काचांच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर कोरलेला आहे, ही एकच कोरी. त्याने खाली कोपऱ्यात, रबरापासून दोन बोटं वर, आपलं बोट टेकवलं. "हितनं काढला तुला," तो भाच्याला म्हणाला.

भाच्याने वाकून नीट बघितलं आणि त्याच जागी आपलंही बोट टेकवलं. काचेवर पिवळा ठसा उमटला. तो बाबांनी पुण्यापर्यंत पुसला नाही.